दोरीपलीकडचं लोझुवात

क्रुतोयारच्या संग्रहालयात, वरच्या मजल्यावरच्या तिसऱ्या खोलीत, दाराशी एक लाकडी खुर्ची असायची आणि खुर्चीवर ओरिना साविव्ना. बुडाखाली चौकड्यांची उशी, पाठीला शाल, मांडीवर विणकाम आणि नजर भिंतींवर. टोमॅटोच्या कारखान्यात एकतीस वर्षं उभ्यानं डबे भरल्यावर, नुसतं बसण्याचा पगार मिळतो याची तिला पहिले काही महिने लाजच वाटायची. मग तिनं ते बसणंसुद्धा कारखान्यातल्यासारखं मनावर घेतलं. शाळेची पोरं खोलीत शिरली की ती चष्म्यावरून बघायची आणि एकच वाक्य म्हणायची, "हात पाठीमागे. दोन्ही."

खोलीत अकरा चित्रं होती. दहांची ती राखण करायची. अकराव्यापायी ती तिथं आली होती.

अकरावं चित्र म्हणजे लोझुवात. ओरिनाचं गाव. धरणाचं पाणी अडवलं तेव्हा नीपर नदीकाठची जी खेडी गेली, त्यातलं ते एक. ओरिना तेव्हा नऊ वर्षांची होती. गावाला वर, उंच काठावरच्या क्रुतोयारमध्ये जागा दिली. खाली घरं पाडली, विलोची झाडं बुंध्यापासून कापली. दफनभूमीबद्दल एक कागद आला, ज्यांना आपल्या माणसांची हाडं हलवायची असतील त्यांनी पंधरा दिवसांत हलवावीत. ओरिनाची आई तीन वर्षांपूर्वीच गेली होती. बाप, सावा, फावडं घेऊन टेकाडावर गेला, बायकोच्या क्रॉसपाशी उभा राहिला आणि फावडं तसंच खांद्यावर टाकून परत आला.

"झोपलीय ती," तो म्हणाला. "मी नाही उठवायचा तिला."

पुढच्या वसंतात पाणी चढलं. त्यानंतर बाप जगला तेवढी वर्षं, दोन पेले पोटात गेले की एकच गोष्ट उगाळायचा. "चूक केली मी, ओरिन्को. माणसाला पाण्यात एकटं ठेवतात का कुणी?"

आईचा फोटो नव्हता. चेहरा ओरिनाला आठवत नव्हता. ओल्या पिठाचा वास असलेले हात तेवढे आठवायचे. आणि तो क्रॉस. टेकाडावरच्या रानटी नासपतीच्या झाडापासून तिसरा.

आता हार्कुशा नावाचा एक चित्रकला मास्तर. त्याला शहरातून पाठवलं होतं धरणाचं बांधकाम रंगवायला. दिवसभर तो क्रेन आणि सिमेंट रंगवायचा आणि संध्याकाळी, कुणी सांगितलेलं नसताना, लोझुवात रंगवायचा. गावाचा तो शेवटचा वसंत. नदीचं वळण, पुराचं पाणी शिरलेली कुरणं, एका पात्यानं लंगडी झालेली पवनचक्की, चुन्यानं सारवलेली घरं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात टेकाड, नासपतीला फुलं, झाडाखाली नखाएवढे पांढरे क्रॉस. सिमेंटची चित्रं राजधानीला गेली. हे क्रुतोयारच्या कोठीघरात गेलं आणि सदतीस वर्षं तिथंच राहिलं. देश बदलला, तेव्हा कुणीतरी ते बाहेर काढून भिंतीवर लावलं आणि खाली चिठ्ठी लावली: 'नदीकाठचं दृश्य'.

ते पहिल्यांदा ओळखलं पनासनं. पनास किरिलोविच, लोझुवातच्या खालच्या आळीतला, ओरिनाहून चार वर्षांनी मोठा, जन्मभर मासेमारी केलेला. पाऊस लागला म्हणून तो आडोशाला संग्रहालयात शिरला होता. तिथून तो जो पळत सुटला तो थेट टोमॅटोच्या कारखान्याच्या फाटकाशी.

"ओरिना! आपलं गाव भिंतीवर टांगलंय!"

"प्यायलास का सकाळीसकाळी?"

"प्यायलोय. पण गाव आहेच."

ईस्टरनंतरच्या रविवारी, म्हणजे प्रोवोदीला, आमच्याकडे सगळं गाव दफनभूमीत जातं. घरचा गोड पास्का पाव, कांद्याच्या सालीत उकडून लाल केलेली अंडी, सॉसेज, बाटली. अंडं क्रॉसला तीनदा लावायचं, "ख्रिस्त उठला" म्हणायचं, मातीवरून घरंगळवायचं. मग तिथंच बसून जेवायचं आणि आपल्या माणसाला वर्षभराच्या बातम्या सांगायच्या, कोणाचं लग्न झालं, कोणाचं छप्पर गळतंय. लोझुवातच्या लोकांना तेवढी सोय नव्हती. ते काठावर उभे राहून पाण्यात अंडी सोडायचे. पनास म्हणायचा, "ती अंडी मासे खातात, मासे मी धरतो. आजोबांचं अंडं फिरून माझ्याच पोटात."

चित्र सापडलं त्याच्या पुढल्या वर्षीपासून प्रोवोदीला लोझुवातचे लोक संग्रहालयात येऊ लागले. तेव्हाच्या संचालकांनी डोकं खाजवलं आणि तीन अटी घातल्या: मेणबत्ती नाही, खाणं नाही, दोरीच्या आत पाऊल नाही. टोपल्या बाकावर ठेवायच्या. लोक दोरीशी उभे राहायचे, लांबूनच बोट दाखवून "ते आमचे" म्हणायचे, बातम्या सांगायचे, रडायचे, आणि शेवटी चित्रासमोर ओळीनं उभे राहून एक फोटो काढायचे. चिठ्ठीवर गावाचं नाव घालून घेतलं तेही त्यांनीच, तीन अर्ज करून.

ओरिना निवृत्त झाल्यावर त्या खुर्चीवर येऊन बसली आणि दोरी एकदम कडक झाली. कुणी पुढे वाकलं की, "मागे व्हा." कुणी हात लांबवला की, "दोन्ही हात पाठीमागे." खालच्या आळीची मेलानिया, तिची बालमैत्रीण, एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "अगं, बाप आहे माझा तिथं!"

"सगळ्यांचेच आहेत. सगळे हात लावतील तर काय राहील?"

"कारखान्यात डब्याला झाकण लावायचीस, आता आम्हाला लावतेस होय?" पनास म्हणाला.

हे तिचं तिसरं वर्ष. त्या प्रोवोदीला सगळे गेल्यावर खोलीत ओरिना एकटी उरली. खाली कुलपं लावत होते. खिडकीतून ऊन तिरपं आलं होतं, बरोबर टेकाडावर. तिच्या हातात लाल अंडं होतं. दिवसभर ते हातातच राहिलं होतं, तळहात घामानं ओला. तिनं दाराकडे पाहिलं. मग ती दोरीखालून वाकून आत गेली आणि नासपतीपासून तिसऱ्या क्रॉसला तिनं अंडं लावलं. एकदा, दोनदा, तीनदा. "ख्रिस्त उठला, आई."

अंडं बाजूला केलं तेव्हा क्रॉसच्या बुडाशी मसुराएवढा तांबडा डाग होता.

तिनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक जिभेनं ओलं करून ते पुसलं. तांबडं थोडं निघालं, थोडं पसरलं आणि क्रॉसचा उजवा हात अंधूक झाला. आणखी पुसावं तर आईच पुसली जायची. तिनं रुमाल मुठीत आवळला आणि खाली जाऊन नेहमीसारखं, "सगळं ठीक," असं वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन तिनं दोरीचे पितळी खांब एक फूट मागे सरकवले. लाकडी जमिनीवर त्यांचे जुने गोल वण राहिले होते. त्यांवर तिनं पायपुसण्याची पट्टी ओढली. तेवढ्या अंतरावरून मसुराएवढं काही दिसत नव्हतं.

पुढल्या वर्षी पनास दोरीशी येऊन थबकला. "ही दोरी मागे चालत आलीय."

"तुझे डोळे मागे चाललेत."

दर वर्षी तो तेच म्हणायचा आणि दर वर्षी ती तेच उत्तर द्यायची, आणि दर वर्षी तिच्या कानामागे घाम यायचा.

अशी अठरा-एकोणीस वर्षं गेली. नव्या संचालिका आल्या, झोर्याना पाव्लिव्ना; तरुण, तरतरीत, शिकलेल्या. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "साविव्नांच्या खोलीत माशीसुद्धा विचारून बसते." ओरिनानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनय.

मग लढाई आली. वसंतात रशियन सैन्य क्रुतोयारमध्ये शिरलं. संचालिकाबाई बहिणीच्या खेड्यात जाऊन लपल्या, संग्रहालयाच्या किल्ल्या भलत्याच माणसाच्या हाती गेल्या, आणि ओरिनाला सांगण्यात आलं की तिच्या खुर्चीची आता गरज नाही. ती घरी बसली. खाली बटाटे साठवायच्या तळघरात झोपली, वर येऊन मिरच्या लावल्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शेजारीण धावत आली, "साविव्ना, संग्रहालय उचलतायत!"

दोन मालट्रक आणि एक शाळेची बस दाराशी लावलेली. चित्रं खिडक्यांच्याच पडद्यांत गुंडाळून बाहेर येत होती. काही तर नुसतीच. ओरिना समोरच्या लिंडेनच्या झाडाखाली उभी राहिली. तासाभरानं एक सैनिक पायऱ्यांवरून लोझुवात घेऊन उतरला. उघडं. आणि उलटं. नदी वर, आभाळ खाली, नासपतीचं झाड डोक्यावर उभं.

"सरळ धरा!" ती ओरडली. एकवीस वर्षांची सवय. "सरळ! असं नाही धरत!"

सैनिक दचकला. पोरगेलासाच होता. त्यानं खरोखरच थांबून चित्र सरळ केलं, तिच्याकडे पाहिलं, जणू बरोबर का विचारावं, आणि मग बसमध्ये चढवलं.

त्यानंतर आठवड्याभरात ते सैन्य नदी ओलांडून पलीकडे गेलं आणि क्रुतोयार सुटलं. चौकात लोक एकमेकांना मिठ्या मारून रडले. ओरिनाही रडली. पण रात्रंदिवस तिला एकच खात होतं. गाव डोळ्यांसमोरून चाललं होतं, आणि तोंडातून निघालं काय, तर सरळ धरा.

संचालिकाबाई परतल्या. संगणक नेलेले, नोंदींची कपाटं उपसलेली. एका तुटक्या खणात जुन्या कार्डांचा एक गठ्ठा मात्र राहिला होता. लोझुवातच्या कार्डावर डाक-तिकिटाहून थोडा मोठा काळापांढरा फोटो, आणि शेवटच्या रकान्यात, 'स्थिती: निर्दोष'. काचा झाडायला आलेल्या ओरिनानं ते वाचलं आणि झाडू हातात धरून उभीच राहिली.

"काय झालं, साविव्ना?"

"काही नाही. धूळ गेली डोळ्यात."

बाईंनी गावभर निरोप पाठवला, कुणाकडे चित्रांचे फोटो असतील ते आणा. ओरिनानं प्रोवोदीचे सगळे फोटो आणले. सत्तावीस. बाई एकेक टेबलावर मांडत गेल्या. पहिल्यात त्रेचाळीस माणसं, तीन ओळींत. चित्राचं नुसतं आभाळ दिसत होतं. दहाव्यात माणसं तीस, पवनचक्कीचं लंगडं पातं दिसू लागलं. मग वीस, मग चौदा. डोकी कमी होत गेली तशी मागून नदी वर आली, मग कुरणं, मग घरं. शेवटच्या, २०२१च्या फोटोत पाचच माणसं होती आणि त्यांच्यामध्ये जवळजवळ सगळं गाव. पनासचा कान आणि मेलानियाचा रुमाल यांच्या फटीत टेकाडसुद्धा.

"म्हणजे आम्ही मेलो म्हणून दिसलं," पनास म्हणाला. तोही आला होता. "सांगायचं होतंत आधी. थोडे बाजूला सरकलो असतो."

बाई हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. चोरीला गेलेल्या वस्तूंच्या यादीत लोझुवात गेलं.

त्याच्या पुढल्या जूनमध्ये धरण फुटलं.

खालच्या गावांत हाहाकार झाला, तो इथं सांगवत नाही. क्रुतोयारच्या काठावर मात्र उलटंच. पाणी दर तासाला मागे सरत गेलं. चार दिवसांत जिथं सत्तर वर्षं लाटा होत्या तिथं करडा चिखल पसरला, मग तो तडकला, आणि उन्हाळा सरेपर्यंत त्यावर विलोची रोपं कंबरेइतकी आली. कोणी लावली नव्हती. पनास दुर्बीण घेऊन कड्यावर गेला. दोनदा सैनिकांनी हाकललं, तिसऱ्यांदा दुर्बीणच ठेवून घेतली.

"ओरिना, गाव वर आलंय," तो धापा टाकत म्हणाला. "टेकाड दिसतं."

"कुठलं टेकाड? कुठं?"

"आहे. मला दिसतं."

ती एकदा त्याच्याबरोबर कड्यापर्यंत गेली. खाली मैलच्या मैल हिरवं, त्यात नदीची बारीक रेघ, पलीकडच्या काठावर ते लोक. पाच-सहा उंचवटे होते. कुठलाही असू शकत होता. तिला आठवणीतलं टेकाड त्यांतल्या एकावरही बसवता येईना. चित्र असतं तर नदीचं वळण, चक्की, टेकाड असं बोट ठेवत ठेवत सांगता आलं असतं. एवढी वर्षं चित्र होतं आणि गाव पाण्याखाली. आता गाव उघडं पडलं होतं आणि चित्र पलीकडे. खाली उतरणं तर शक्यच नव्हतं. जमिनीत सुरुंग, डोक्यावर ड्रोन. पाच मिनिटंही झाली नाहीत तोवर एक सैनिक ओरडत आला, "आजी, सावलीत व्हा! दिसताय तुम्ही त्यांना!"

"मला काहीच दिसत नाही, आणि मी सगळ्यांना दिसतेय," ती परतताना म्हणाली.

हिवाळ्यात संचालिकाबाईंचा निरोप आला. लगेच या. पलीकडल्या लोकांनी क्रिमियात एक प्रदर्शन मांडलं होतं, त्याची चित्रं इंटरनेटवर आपल्याच पानावर झोकात टाकली होती, आणि त्यांत लोझुवात होतं. खाली लिहिलेलं, 'वसंत. आरोग्यधामाच्या जुन्या संग्रहातून.'

"खोटं!" ओरिना म्हणाली.

"खोटं आहे, पण खोटं पाडायचं कसं?" बाईंनी कपाळ चोळलं. "हार्कुशानं याची हुबेहूब दुसरी प्रत काढली होती, ती छप्पन्न साली तिकडच्या आरोग्यधामाला दिली होती. कागद आहेत. ते म्हणतात, हीच ती. कीवहून चोरीच्या यादीवाल्यांनी मला एकच प्रश्न विचारलाय: तुमच्या चित्रावर एखादी खूण, चीर, डाग, डागडुजी? जे दुसऱ्यावर असूच शकत नाही असं काही. मी काय सांगू? कार्डावर लिहिलंय निर्दोष." त्या तिच्याकडे वळल्या. "तुम्ही एकवीस वर्षं समोर बसलात. काही होतं का, साविव्ना?"

ओरिनानं शाल खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाली, "विचार करून सांगते."

ती तिथून घरी गेली नाही, पनासकडे गेली. तो जाळं विणत बसला होता. नदीवर जाता येत नव्हतं, तरी विणत होता. तिनं सगळं सांगितलं. अंडं, रुमाल, खांब, पट्टी. पनासचे हात थांबले.

"म्हणजे दोरी खरंच मागे गेली होती?"

"हो."

"एक फूट?"

"एक फूट."

"आणि मी चष्म्याचे नंबर बदलून आलो दोनदा!" तो इतका हसला की त्याला खोकला लागला. "कुंपणानंच शेत खाल्लं म्हण की! मेलानियाला बापाला हात लावू दिला नाहीस आणि स्वतः…"

"मेलानियाचंच तर मनाला लागतं रे. तशीच देवाघरी गेली ती."

जाळ्याची सुई पनासनं टोपीत खोचली. "जा आणि सांगून टाक."

"काय सांगू? एकवीस वर्षं लोकांना हात मागे घ्या म्हणत आले. त्या म्हणतात माशी विचारून बसते. एवढंच नाव कमावलंय मी, पनास. पेन्शन काय, ती सगळ्यांनाच असते."

"नावाचं काय करणार आहेस? थडग्यावर लिहिणार?" तो म्हणाला. "आपल्याला दोघांना मिळून एकच थडगं आहे बघायला. तेही त्यांच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. हात आपोआप पाठीमागे गेले.

"डाग आहे," ती म्हणाली. "टेकाडावर. नासपतीपासून तिसऱ्या क्रॉसच्या बुडाशी. तांबडा, मसुराएवढा. क्रॉसचा उजवा हात पुसट आहे. मी केलाय."

झोर्याना पाव्लिव्नांनी पेन खाली ठेवलं. "कशानं?"

"अंड्यानं. कांद्याच्या सालीचा रंग. प्रोवोदीला. आणि मग थुंकीनं पुसलं."

"थुंकीनं!"

"रुमाल ओला करून."

"साविव्ना, तुम्ही…" बाई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या. खिडकीला फळ्या मारलेल्या होत्या, तरी बाहेर बघत असल्यासारख्या उभ्या राहिल्या. "इतकी वर्षं रोज वहीत 'सगळं ठीक'. कुणी पोरानं एवढं केलं असतं तर तुम्ही त्याचा कान उपटून शाळेत पोचवला असता."

"उपटला असता."

"मला सांगायचंत. आम्ही दुरुस्त करून घेतलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," ओरिना हळूच म्हणाली. "दुरुस्त केलं असतंत, तर ते निघालं असतं ना. माझं तेवढंच पोचलं होतं तिच्यापर्यंत."

हे तिला स्वतःलाही तोवर ठाऊक नव्हतं.

बाई टेबलाकडे परतल्या. त्यांनी २०२१चा फोटो संगणकावर मोठा केला. पनासचा कान पडदाभर झाला, शेजारी मेलानियाच्या रुमालाची फुलं, आणि मधल्या फटीत टेकाड. नासपती. पहिला क्रॉस, दुसरा, तिसरा. बुडाशी एक कण, धूळ म्हणून कुणीही सोडून दिला असता असा. मग त्यांनी पलीकडल्यांचं पान उघडलं आणि तोच कोपरा मोठा करत नेला. तिकडच्यांनी फोटो फार चांगला काढला होता. चकचकीत, स्वच्छ. तिसऱ्या क्रॉसच्या बुडाशी तांबडा डाग, आणि क्रॉसचा उजवा हात पुसट.

"देवा," बाई म्हणाल्या.

ओरिना टेबलावर वाकली. इतकी मोठी तिनं ती खूण कधी पाहिली नव्हती. ब्रशाचा एकच ओढा होता तो, सुरुवातीला जाड, शेवटी केसासारखा. तिचा हात पुढे आला आणि सवयीनं मध्येच थांबला.

"लावा हात," झोर्याना पाव्लिव्ना म्हणाल्या. "काच आहे ती."

तिनं बोट टेकवलं. काच कोमट होती.

जबानी चार पानांची झाली. अंडं कुठल्या रंगात उकडलं, किती वेळ लावलं, रुमाल कसला, सगळं लिहून घेतलं; खाली तिनं सही केली, वडिलांच्या नावासकट. कीवहून उत्तर आलं, पुरावा पक्का आहे, चित्र क्रुतोयारचं, जगभरच्या यादीत तशी नोंद झाली. परत कधी, या प्रश्नाला मात्र पत्रात ओळ नव्हती. बाईंनी पत्र दोनदा वाचून दाखवलं. शेवटी म्हणाल्या, "आता ते कुठंही विकता येणार नाही, लपवता येणार नाही. पण आणायला मात्र लढाई संपावी लागेल."

"मी अठ्ठ्याहत्तरची आहे," ओरिना म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे; नोंद असावी म्हणून.

मेमध्ये प्रोवोदी आली. क्रुतोयारच्या दफनभूमीत जायला बंदी होती, गर्दी दिसली की वरून काही पडायचं. संग्रहालय बंदच होतं. बाईंनी मागचं दार उघडून दिलं. लोझुवातची माणसं दोन. पनासनं जुना कोट घासूनपुसून घातला होता. ओरिनाच्या टोपलीत पास्का, थोडं सॉसेज, कांद्याच्या सालीतली चार अंडी.

तिसऱ्या खोलीत फळ्यांच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या पडल्या होत्या. भिंतीवर अकरा फिकट चौकोन. लोझुवातचा सगळ्यांत रुंद. त्याखाली ती चिठ्ठी कुणी नेली नव्हती. पितळी खांब होते, दोरीही होती.

ओरिनानं टोपली बाकावर ठेवली, गुडघ्यावर हात देत खाली बसली आणि पायपुसण्याची पट्टी बाजूला केली. लाकडावर दोन गोल वण होते, अजून तसेच.

"धर जरा," ती पनासला म्हणाली. "पुढे घ्यायचेत."

"आता? भिंत ओकीबोकी आहे बाई. कोण बघणारेय?"

"ते येईल तेव्हा गडबड असेल. माणसं असतील, साहेब असतील. तेव्हा मी असेन, नसेन."

दोघांनी मिळून एकेक खांब उचलला. जड होते, तेव्हा तिनं एकटीनं कसे सरकवले होते कोण जाणे. खांब आपापल्या गोलांत बसले तेव्हा पनासनं टाचेला टाच लावून अंतर मोजलं.

"एक फूट," तो म्हणाला. "बरोबर."

मग ते दोरीशी उभे राहिले, पूर्वी उभे राहायचे तिथं. फिकट चौकोनाचा खालचा उजवा कोपरा आता हाताच्या टप्प्यात होता. ओरिनानं टोपलीतून एक अंडं उचललं, शालीच्या टोकाला हात कोरडे पुसले, पुन्हा पुसले. अंडं भिंतीला लावलं नाही. नुसतं तळहातावर धरून राहिली.

"सांग की काही," पनास पुटपुटला. "बातम्या."

ती त्या कोपऱ्याकडे वळली. "मिरच्या लावल्यात," ती म्हणाली. "छप्पर उडालं होतं कोठीचं, ते शेजाऱ्यांनी घातलं. मेलानिया आली असेल तिकडे, तिला म्हणावं, राग सोड. आणि विलो आलेत गं आई. खाली सगळीकडे. उंच झालेत."

पनास पुढे वाकला, आणखी थोडा वाकला. नकळत त्याचा हात दोरीवरून पलीकडे गेला.

"हात पाठीमागे," ओरिना म्हणाली.

त्यानं हात मागे घेतला.

"दोन्ही."